'वार्तालाप' नेमका कुठे वापरायचा? (पत्रिका छापायची आहे, मदत करा)

गिरगाव_गच्ची
मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण त्यावरून आमच्या समितीत अबोला धरायची वेळ आली आहे.

आमच्या भागातल्या वाचनालयाचा वर्धापनदिन आहे. एरवी पाहुणे येतात, तास-दीड तास भाषण करतात आणि मागच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होतात. यंदा एका ज्येष्ठ अनुवादिकेला बोलावलं आहे. त्यांनी आधीच बजावलं, "मी भाषण करणार नाही. लोकांनी विचारावं, मी बोलेन, मीही त्यांना विचारेन." उत्तम. पण या प्रकाराला पत्रिकेत म्हणायचं काय?

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांचा आग्रह 'वाचकांशी वार्तालाप'. खजिनदारांच्या मते हा हिंदी शब्द आहे, 'संवाद' लिहा. तरुण मंडळींना 'दिलखुलास गप्पा' हवंय. मी 'संभाषण' सुचवलं तर सगळे एकदम हसले. का हसले ते त्यांनाही सांगता येईना, पण मोठ्याने म्हटल्यावर मलाही ते पंचनाम्यातलं वाटलं.

तर वार्तालाप मराठी आहे का? आणि या शब्दांत खरोखर फरक आहे, की नुसतं कमीजास्त वजन? कोशात बघावं तर एकाचा अर्थ दुसरा आणि दुसऱ्याचा पहिला. छापखानेवाला गुरुवारी मजकूर मागतोय.

टवाळ_टोळी
चहा असेल तर गप्पा. नसेल तर वार्तालाप.

पानसुपारी
टवाळशेठ, हे हसण्यावारी नेऊ नका, बरंचसं बरोबर आहे. मी रोज बदलापूरहून येते. आमच्या डब्यात एखादीने "काल आमचा छान वार्तालाप झाला" म्हटलं, तर तिला चौथी सीटसुद्धा कुणी देणार नाही. तिथे चालतं ते बोलणं, गप्पा, फार तर 'विषय निघाला होता'.

कोशकीटक
सरांच्या बाजूने थोडं बोलतो.

वार्तालाप म्हणजे वार्ता अधिक आलाप. दोन्ही संस्कृत, तेव्हा मराठीचा त्यावर हिंदीइतकाच हक्क आहे. आलाप आला 'लप्' म्हणजे बोलणे या धातूवरून. या धातूचं घराणं फार मजेदार आहे आणि अमरसिंहाच्या अमरकोशाने, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशाने, ते दोन श्लोकांत मांडून ठेवलंय:

स्यादाभाषणमालापः प्रलापोऽनर्थकं वचः।
अनुलापो मुहुर्भाषा विलापः परिदेवनम्॥
विप्रलापो विरोधोक्तिः संलापो भाषणं मिथः।
सुप्रलापः सुवचनमपलापस्तु निह्नवः॥

कुणाला उद्देशून बोलणं तो आलाप. निरर्थक बडबड तो प्रलाप. तेच तेच पुन्हा बोलणं तो अनुलाप (सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणाऱ्यांना वेगळं उदाहरण द्यायला नको). शोक करणं तो विलाप, विरोधी बोलणं तो विप्रलाप, गोड बोलणं तो सुप्रलाप, आणि खरं दडवणं तो अपलाप. 'सत्याचा अपलाप' हे अग्रलेखांतून आपण अजून वाचतो.

आता गंमत बघा. एकमेकांशी बोलणं, 'भाषणं मिथः', याला अमरसिंहाने शब्द दिलाय तो संलाप. म्हणजे ज्याला आपण आज संभाषण म्हणतो त्याला खरा नेमका शब्द तो होता आणि मराठीने नेमका तोच टाकला. प्रलाप ठेवला, विलाप ठेवला, अपलाप ठेवला, संलाप गेला. मराठी माणसाच्या स्वभावाबद्दल यातून काय निष्कर्ष काढायचा तो ज्याने त्याने काढावा.

टवाळ_टोळी
अनुलाप हा शब्द आजपासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव.

स्लो_ठाणे
कोशकीटक, श्लोक झकास, पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आलाप म्हणजे उद्देशून बोलणं, पण ख्याल गायकाचा आलाप कुणाला उद्देशून असतो? शब्द कुठून आला यापेक्षा तो आज कुठे उठतो-बसतो ते बघावं.

वर्तमानपत्रात बातम्या नीट करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे, तेवढ्या अधिकाराने सांगतो. मराठीत वार्तालाप हा शब्द जिवंत आहे तो आमच्याच धंद्यात. पत्रकार परिषद वेगळी: तिथे पाहुण्याला काहीतरी जाहीर करायचं असतं, तो निवेदन वाचतो, मग प्रश्न. वार्तालाप म्हणजे पाहुण्याला पत्रकारांनी बोलावलं आहे, जाहीर करण्यासारखं काही असलंच पाहिजे असं नाही, मोकळेपणी बोलणं होतं. पत्रकार संघांचे 'वार्तालाप' नावाचे कार्यक्रम असतात. केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय जिल्ह्यांच्या गावी पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतं, तिचंही नाव 'वार्तालाप'. म्हणजे या शब्दाला तीन गोष्टी लागतात: आधी ठरलेली वेळ, एका बाजूला कुणीतरी मान्यवर, दुसऱ्या बाजूला जमलेली माणसं. दोन मित्र फुटपाथवर भेटले तर त्यांच्यात वार्तालाप होत नाही, ते कितीही शुद्ध बोलले तरी.

तुमच्या कार्यक्रमात या तिन्ही गोष्टी आहेत. सरांचं बरोबर आहे.

आणि खजिनदारांच्या 'संवाद'वर माझा राग आहे, तोही नोंदवून ठेवतो. 'मंत्र्यांनी नागरिकांशी संवाद साधला' असं रोज छापून येतं. प्रत्यक्षात मंत्री बोलले, नागरिकांनी ऐकलं, आणि मग सगळे घरी गेले. याला भाषण म्हणतात. कागदावर मी ते 'संवाद साधला' खोडून 'म्हणाले' करायचो, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा यायचं.

सासूबाई_मुलुंड
स्लो_ठाणे, ते 'साधला' मुद्दामच असेल. साधणारा एकटा पुरतो ना.

पेटीवाला_पार्ले
संवादावर राग धरू नका, शब्द बिचारा गुणी आहे. संगीतात वादी, संवादी, अनुवादी, विवादी असे स्वर असतात. वादी म्हणजे मुख्य स्वर, संवादी म्हणजे वादीशी जुळणारा. नाट्यशास्त्रात दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचं (श्रुती म्हणजे स्वराहूनही बारीक अंतर) अंतर असेल तर ते एकमेकांचे संवादी मानले आहेत. षड्ज-मध्यम, षड्ज-पंचम हे त्यातलेच. म्हणजे संवाद या शब्दात 'बोलणं' आहेच, पण 'जुळणं'ही आहे. त्याच्या उलट विसंवाद, आणि विसंवाद म्हणजे न बोलणं नव्हे, न जुळणं. दोन माणसं तासभर भांडली तर संभाषण भरपूर झालं, संवाद नाही झाला.

म्हणूनच 'शब्देंविण संवादु' म्हणता आलं. ज्ञानदेवांच्या त्या ओळीत संवादाच्या जागी वार्तालाप ठेवून बघा. शब्दांवाचून वार्तालाप होऊच शकत नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात तर 'हें शब्देंवीण संवादिजे' असं सरळ क्रियापदच आहे. शके 1212 मध्ये आपल्याकडे 'संवादणे' होतं, आता 'संवाद साधणे' हे दोन शब्द लागतात.

गिरगाव_गच्ची
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पेटीवाला, तुमचं वाचून वाटायला लागलं की संवाद हे आधी जाहीर करायचं नावच नाही, तो झाला की नाही ते नंतर कळणार.

पण 'वार्ता'चं काय? सर म्हणतात वार्ता म्हणजे बातमी. मग अनुवादिका बातम्या सांगणार आहेत का?

कोशकीटक
वार्तेचा प्रवास लांबचा आहे. 'वृत्ति' म्हणजे उपजीविका, तिच्याशी नातं सांगणारी ही वार्ता. कौटिल्याने चार विद्या सांगितल्या: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. त्यातली वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार: 'कृषिपाशुपाल्ये वणिज्या च वार्ता'. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथातल्या विद्यार्थ्याला 'वार्ता' शिकवायची म्हणजे आजच्या भाषेत वाणिज्य शाखेला घालायचं. बाजारातली हालहवाल, कुशल विचारणं आणि बातमी हेही अर्थ या शब्दाला जुनेच. आकाशवाणीवर सकाळी सातच्या आधी 'सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' ऐकून शाळेची तयारी केलेले इथे असतीलच.

शाखा_समोर_चहा
मुंबईत वार्ता म्हणजे वार्ताफलक. नाक्यावर शाखेबाहेर खडूने लिहिलेला. बाकी वार्ता आम्हाला माहीत नाही.

सासूबाई_मुलुंड
कसं माहीत नाही? गणपतीत रोज म्हणता ना, 'सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची'.

निम्मी मुंबई ही ओळ 'विघ्नाची' पाशी तोडते, ठेका तसाच आहे म्हणून. मग ऐकणाऱ्याला वाटतं तिन्ही विशेषणंच आहेत: सुखकर्ता, दुःखहर्ता आणि वार्ता विघ्नाची. पण समर्थांचं वाक्य पुढच्या ओळीत पुरं होतं: 'नुरवी, पुरवी प्रेम कृपा जयाची'. नुरवी म्हणजे न उरवी. ज्याची कृपा विघ्नाची वार्तासुद्धा शिल्लक ठेवत नाही आणि प्रेम पुरवते, तो. तिथे वार्ता म्हणजे नुसती कुणकुण, नाव. 'पावसाची वार्ता नाही' म्हणतो ना, तशी. 'गंधवार्ता नव्हती' यातली वार्ताही तीच.

माझ्या नातवाने 'नुरवी' हे गणपतीचं एक नाव आहे असं वर्गात सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली म्हणे.

घाटकोपर_बायपास
आमच्या मजल्यावर सगळी गुजराती कुटुंबं. शेजारच्या बा नातीला रात्री 'वार्ता' सांगतात, म्हणजे गोष्ट. मी लहानपणी समजायचो की त्यांच्याकडे झोपताना बातम्या वाचून दाखवतात. बोलण्याला ते म्हणतात 'वात', आणि ती 'वात' नि हिंदीतली 'बात' दोन्ही वार्तेचीच लेकरं. बंगाली मित्र 'कथाबार्ता' म्हणतो, म्हणजे बोलणं. तेलुगूत 'वार्त' म्हणजे बातमी. आणि हे सगळे एकाच लिफ्टमधून खाली उतरतात.

डबिंग_अंधेरी
खजिनदारांच्या बाजूने कुणीच नाही, म्हणून मी येते.

हिंदी मालिकांचं मराठी करणं हे माझं काम. तिथे 'वार्ता' आणि 'वार्तालाप' पोत्याने येतात, विशेषतः मुकुट घातलेल्या मालिकांत. "हमारी वार्ता विफल रही." नवा मुलगा करतो: "आपली वार्ता विफल राहिली." मराठीत याचा अर्थ शून्य. मी करते: "आपली बोलणी फिसकटली." हिंदीत वार्ता म्हणजे वाटाघाटी, शांति-वार्ता वगैरे. मराठीत वार्ता कधीच वाटाघाट नव्हती. आमच्याकडे त्याला 'बोलणी' हा झक्क शब्द आहे आणि वृत्तवाहिन्यांनी मात्र 'शांतिवार्ता' सुरू केलंय.

'बोलणी'वरून सांगते, भाषांतर करणाऱ्यांना रडवणारा शब्द आहे. बोलणं झालं म्हणजे गप्पा. बोलणी झाली म्हणजे लग्न जवळजवळ ठरलं. बोलणी खाल्ली म्हणजे घरी उशिरा आलात. बोलाचाली झाली म्हणजे प्रकरण तापलं, बाचाबाची झाली म्हणजे लोक जमले. मुळात सगळं एकाच 'बोल'च्या आसपास (बाचाबाची सोडून).

तेव्हा खजिनदारांचा कान चुकीचा नाही. वार्तालाप कानावर पडला की मुंबईच्या माणसाला आधी हिंदी ऐकू येतं. शब्द मराठी असेल, पण त्याची सगळी उठबस हिंदीत असेल तर शंका येणारच.

स्लो_ठाणे
मान्य, वार्तेपुरतं. पण वार्तालाप मराठीत वाटाघाटीच्या अर्थाने कुणी वापरत नाही. म्हणजे मराठी वार्तालाप आणि हिंदी वार्ता यांची गल्लत फक्त नावापुरती.

लाल_डबा
खलबतं विसरलात. खल्वत म्हणजे एकांत, अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. रायगडावर खलबतखाना दाखवतात. तो गुप्त बोलण्याचा शब्द, शिवाय मसलत. उघड्यावर बोलायचं तर फारसीनेही आपल्याला गुफ्तगू दिलं होतं, पण आपण त्यात कानात कुजबुजण्याची छटा भरली.

काढा_आणि_चूर्ण
'संभाषण'ला सगळे हसले असं धागाकर्तीने लिहिलंय. त्या शब्दाची अब्रू वाचवायला आलो.

मी वैद्य. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायात 'तद्विद्यसंभाषा' आहे: वैद्याने वैद्याशी, म्हणजे त्याच विद्येच्या माणसाशी, चर्चा करावी, त्याने ज्ञान वाढतं, शंका फिटतात. आणि तिचे दोन प्रकार. संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेऊन, स्नेहाने केलेली. आणि विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. पुढे चरक सांगतात की दुसऱ्या प्रकारात पडण्याआधी समोरचा आपल्यापेक्षा वरचढ आहे, कमी आहे की बरोबरीचा ते जोखून घ्यावं. एवढंच नाही, ऐकणारी सभासुद्धा जोखावी: ती जाणती आहे की मूढ, आणि त्यातही आपल्या बाजूची, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली. शत्रुपक्षाची सभा जाणती असो वा मूढ, तिथे बोलायलाच जाऊ नये असा सल्ला आहे.

समाजमाध्यमांवर खातं उघडण्याआधी हा अध्याय वाचायला द्यावा असं मला फार वाटतं.

टवाळ_टोळी
वैद्यबुवा, हा धागा कुठल्या सभेत बसतो?

काढा_आणि_चूर्ण
मूढ, सुहृद. चिंता नसावी.

फळा_खडू_बोरिवली
संभाषणाची गंमत मी सांगते, मराठी शिकवते. आता संभाषण हा बाहेरून ऐकलेल्या बोलण्याचा शब्द झाला आहे. जे बोलत आहेत ते स्वतः 'आम्ही संभाषण करतोय' म्हणत नाहीत. तिसरा म्हणतो. पोलिसांकडे संभाषणाची ध्वनिफीत असते, शिकवणीवाल्यांकडे संभाषण कौशल्य असतं, संस्कृतवाल्यांची संभाषण शिबिरं असतात. दर ठिकाणी कुणीतरी ते ऐकतंय, नोंदवतंय किंवा तपासतंय. म्हणून तुमच्या समितीला हसू आलं. 'अनुवादिकेशी संभाषण' म्हटलं की मागे कुणीतरी हेडफोन लावून बसलंय असं वाटतं.

परीक्षेत मात्र 'संवादलेखन' असतं, कारण ते नाटकातून आलंय: पात्र, दोन टिंबं, वाक्य. तिथे संवाद म्हणजे लिहून दिलेलं बोलणं. साहित्य संघात नाहीतर शिवाजी मंदिरात ज्याचे आपण 'संवाद' ऐकतो ते नट एकमेकांशी बोलत नसतातच, पाठ केलेलं म्हणत असतात. पेटीवाल्यांच्या जुळण्याच्या अर्थापासून हा अर्थ किती लांब गेला बघा.

मुलांना मी क्रियापदावरून ओळखायला सांगते. गप्पा मारतात. हितगुज करतात. संवाद साधतात किंवा घडतो. चर्चा झडते. संभाषण चालतं किंवा तुटतं. वार्तालाप होतो, करतात. 'वार्तालाप मारला' म्हणून बघा, जीभच वळत नाही.

पानसुपारी
एसटीत पाटी असायची, 'चालकाशी बोलू नये'. संभाषण नाही, संवाद नाही, वार्तालाप तर नाहीच. कळायला हवं असेल तर 'बोलणे' पुरतं.

गिरगाव_गच्ची
मग पत्रिकेवर 'लेखिका आपल्याशी बोलतील' लिहू?

स्लो_ठाणे
ते भाषणच वाटेल. 'बोलतील' म्हटलं की आपण हात बांधून बसायला येतो.

सासूबाई_मुलुंड
'प्रकट मुलाखत' का नको? मराठी कार्यक्रमाचं ते सगळ्यात ओळखीचं नाव.

गिरगाव_गच्ची
तेही विचारलं होतं. आत्ताच पुन्हा फोन केला त्यांना. त्या म्हणाल्या, मुलाखत म्हटली की मुलाखतकार आला, त्याची प्रश्नांची यादी आली, आणि अर्धा वेळ त्याचीच प्रस्तावना. 'गप्पा' त्यांना चालतं, पण म्हणाल्या की तेवढी ओळख नाही अजून, गप्पा ओळखीच्या माणसांशी होतात. वार्तालाप म्हटल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, "भारदस्त आहे, पण खोटं नाही."

तर मजकूर असा गेला: 'वाचकांशी वार्तालाप'. खाली छोट्या अक्षरांत 'आपले प्रश्न घेऊन या'. खजिनदारांना स्लो_ठाणे यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, ठीक आहे, पण हिंदीच वाटतं. तरुण मंडळी समाजमाध्यमावरच्या जाहिरातीत 'गप्पा'च लिहिणार आहेत, त्यांना कुणी अडवू शकत नाही.

डबिंग_अंधेरी
दोन नावांचा एकच कार्यक्रम! दोन वेगळे समजून लोक दोनदा येतील, चांगलंच आहे.

फळा_खडू_बोरिवली
एकच विनंती. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला आधीच सांगून ठेवा. ती ऐन वेळी 'आता आपल्या लाडक्या लेखिका वाचकांशी वार्तालाप साधतील' म्हणणार, मी लिहून देते. 'वार्तालापाला सुरुवात करू या' एवढंच म्हणायचं आणि माइक पहिल्या रांगेत द्यायचा. शक्यतो सरांच्या हातात नको.

गिरगाव_गच्ची
सर पहिल्याच रांगेत असतात हो. माइक शेवटच्या रांगेपासून सुरू करते.